आक्काताईचा घसा बसला तो आठवडा

मंगळवार पेठेत आक्काताई बोलायला लागली की पलीकडच्या गल्लीतली शालूबाई भाकरी थापता थापता उत्तर द्यायची. दोघींना एकमेकींचं तोंड दिसायची गरज कधी पडली नाही. यात आक्काताईचा दोष थोडा आणि संसाराचा जास्त. नवरा अण्णासो सूतगिरणीत बावीस वर्षं राबला आणि निम्मे कान तिथल्या खडखडाटातच ठेवून घरी आला. त्याला "मीठ वाढू काय" एवढं विचारायचं तरी मैदानात भाषण केल्यागत विचारावं लागे. पोरगा प्रसेनजीत त्याच आवाजात वाढला. सून आली ती चार महिन्यांत तयार झाली. त्या घरात कुणी हळू बोललं तर बाकीचे कपाळाला हात लावून ताप आहे का बघायचे.

तोच आवाज घेऊन आक्काताई १९९१ साली गावाबाहेरच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकीण म्हणून लागली. नाव वसतिगृह, पण तिथं कॉलेजच्या मुली नव्हत्या. फसवून विकलेल्या, पोलिसांनी कुठून कुठून सोडवून आणलेल्या, घरचा पत्ता हरवून बसलेल्या पोरी तिथं राहायच्या. कुणी आठ दिवस, कुणी दोन वर्षं. आक्काताईची शाळा तिसरीपर्यंतच झालेली. पण चाळीस पोरींना किती पीठ मळायचं हे तिला परातीकडं नुसतं बघून कळायचं, आणि नव्या पोरीला तिखट सोसतं की नाही हे तिच्या पहिल्या घासाला. पोरी नाना मुलखातल्या. कानडी पोरी आल्या तर अडचण नव्हती, आक्काताईचं माहेर सीमेकडचं. तेलुगू आल्या तर त्यांच्याशी ती कानडीच बोलायची, जरा मोठ्यानं. चालून जायचं.

चालून गेलं नाही ते २००४ च्या एप्रिलात.

हायवेवरच्या एका लॉजवर पोलिसांची धाड पडली आणि तिथून एक पोरगी वसतिगृहात आली. सोळा-सतरा वर्षांची, काळीसावळी, अंगावर मोठ्या मापाचा कुणाचा तरी पंजाबी ड्रेस. नाव विचारलं, बोलली नाही. गाव विचारलं, बोलली नाही. अधीक्षिका वर्षाराणी मॅडमनी हिंदीत विचारलं, तरी नुसती बघत राहिली.

आता कोल्हापूरच्या माणसाची एक रीत आहे. समोरच्याला आपलं बोलणं कळलं नाही, तर तो शब्द बदलत नाही, आवाज वाढवतो.

"भिऊ नको," आक्काताई म्हणाली.

पोरगी भिंतीला टेकली.

"आगं भिऊ नको म्हंतोय न्हवं," आक्काताई आणखी वरच्या पट्टीत म्हणाली. "हितं तुला कोन खानार हाय काय?"

पोरगी खाली बसली आणि तिनं गुडघ्यात डोकं घातलं.

गेटवरचा हंबीरराव आवाज ऐकून आत आला. हा हंबीरराव तरुणपणी कुस्त्यांच्या मैदानात जोड्या पुकारायचा. लाऊडस्पीकर बंद पडला तरी मैदान थांबायचं नाही, अशी त्याची कीर्ती. वसतिगृहात रोज संध्याकाळी पोरींची हजेरी तोच घ्यायचा, पटांगणात उभा राहून, एकेक नाव लांबवत. त्यानं गुडघे टेकले, तोंड पोरीच्या कानाजवळ नेलं आणि जेवढं मऊ बोलता येईल तेवढं मऊ विचारलं, "जेवलीस काय गं बाय?"

खिडकीवरचं कबुतर उडालं.

"बहिरी असंल," हंबीरराव म्हणाला.

मॅडमनी तिला दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरकडं नेलं. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत, हिला जरा कमीच ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं.

नाव नाही म्हणून सगळे तिला चिमणी म्हणायला लागले. चिमणी जेवायची, पण ताट घेऊन कोपऱ्यात जायची. कुणी प्रेमानं हाक मारली की दचकायची. संध्याकाळच्या हजेरीला तर तिला पलंगाखालून ओढून काढावं लागे.

आणि अशात तो माणूस आला.

पांढरा शर्ट, हातात फाईल, बरोबर वकील. म्हणाला, मी हिचा काका, पोरगी घरातून चुकली, महिनाभर शोधतोय. हिंदीत टाईप केलेलं, शिक्का मारलेलं पत्रही होतं. बोलणं इतकं हळू आणि गोड, की ऐकायला पुढं वाकावं लागे. पोरींचा निकाल करणारी समिती दर गुरुवारी बसायची, तिच्यापुढं त्यानं अर्ज ठेवला. मॅडमनी विचारलं, "भाषा कोणती तुमची?"

"बंगालच्या पलीकडची बोली आहे जी," तो म्हणाला. "इथं कुणालाच यायची नाही. तुम्ही विचारा, मी तिला सांगतो, ती काय म्हणते ते तुम्हाला सांगतो."

मग तो चिमणीकडं वळून दोन वाक्यं बोलला. अगदी हळू, हसत हसत. चिमणी जागच्या जागी दगड झाली.

"काय म्हणालात?" मॅडमनी विचारलं.

"म्हटलं, भिऊ नको बेटी, घरी जायचंय."

समितीनं मधला एक गुरुवार सोडून त्याच्या पुढच्या गुरुवारची तारीख दिली. बाहेर आल्यावर मॅडम आक्काताईला म्हणाल्या, "मला हा माणूस पटत नाही. पण कागद बरोबर आहेत. पोरगी स्वतः नाही म्हणाली तरच थांबवता येईल. त्या तारखेला ती बोलली नाही, तर तिला त्याच्या हवाली करावं लागेल."

"आवो, पन ती बोलनार कशी? जी भाषा तिला येती ती त्यालाच येती."

"तेच तर."

मॅडमनी फोन केले, चिठ्ठ्या पाठवल्या. गुजरीतल्या सोनाराकडचा एक बंगाली कारागीर येऊन गेला. चिमणीसमोर बसून दोन वाक्यं बोलला. मागं हंबीरराव मदतीला उभा होताच, "बोल की गं, बोल की," असं म्हणत. चिमणी पलंगाखाली. कारागीर म्हणाला, आमच्याकडची वाटत नाही, आणि गेला.

त्या बुधवारी चौदा एप्रिल होता. आक्काताईनं पोरींना दुपारीच जेवायला घालून सुट्टी घेतली. पांढरी साडी नेसली आणि पेठेतल्या बायकांबरोबर जयंतीच्या मिरवणुकीत बिंदू चौकाकडं निघाली. दरवर्षी पहिली घोषणा तिची असायची. तिनं "जय भीम" म्हटलं की मागच्या दोनशे बायकांना सूर सापडायचा. त्या वर्षी बेंजोवाल्याचा आवाज मोठा होता. आक्काताईला ते मानवेना. तिनं बेंजोशी पैज लावल्यागत संध्याकाळभर घोषणा दिल्या. जिंकली, असं सगळ्यांचं म्हणणं आहे.

सकाळी उठली तर घशातून नुसता वारा.

"चा पाहिजे काय?" अण्णासोनं विचारलं. तिनं उत्तर दिलं ते त्याला ऐकू आलं नाही. मग म्हणाला, "रागावलीस व्हय?"

डॉक्टरांनी आठ दिवस बोलायचं नाही म्हणून सांगितलं. अगदीच लागलं तर कुजबुज. आक्काताई कामावर गेली आणि त्या दिवशी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदा भांड्यांचा आवाज स्वतंत्रपणे ऐकू आला. मीठ पाहिजे असलं की ती बरणीवर टकटक करायची. पोरींना ताटं घ्या म्हणायचं असलं की पळी वाजवायची. पोरी हसून बेजार.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता आक्काताई खाली बसून तांदूळ निवडत होती. दारात सावली पडली. चिमणी. एरवी आक्काताईनं "ये की गं आत, अशी दारात काय हुबी ऱ्हायलीस" म्हटलं असतं, आणि चिमणी परत पलंगाखाली गेली असती. पण म्हणणार कशानं? तिनं नुसती शेजारची फरशी थापटली.

चिमणी आली. बसली. सुपातले मूठभर तांदूळ आपल्याकडं ओढून खडे वेचायला लागली. दोघी तासभर काही बोलल्या नाहीत. बोलणं न होता गेलेला तो तास आक्काताईच्या आयुष्यात पहिलाच असावा. आणि तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की पोरगी आज एकदाही दचकलेली नाही.

"म्हंजे आमचा आवाजच गं," ती स्वतःशीच कुजबुजली. "आम्ही कुरवाळालोय, आन् हिला वाटतंय मारालोय."

शनिवारी भात उरला. उरलेल्या भाताला सकाळी कांदा-मिरचीची फोडणी द्यायची, हा त्या स्वयंपाकघराचा कायदा. आक्काताई भात झाकून ठेवायला गेली तर चिमणीनं तिचा हात धरला. आल्यापासून पोरीनं पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. तिनं त्यातला थोडा भात पातेल्यात काढला, वर गार पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि पातेलं मोरीजवळ गारव्याला सरकवलं. रविवारी सकाळी त्यात मीठ घातलं, हिरवी मिरची आणि कांदा तोडून घेतला आणि असा जेवली, असा जेवली, की आक्काताईनं आपली भाकरी बाजूला ठेवून तेच बघितलं. मग चिमणीनं एक घास तिच्यापुढं धरला. आक्काताईनं खाल्ला. आंबूस, गार, उन्हाळ्यात पोटाला बरं वाटणारा. पण बुडवलेला भात तो बुडवलेलाच.

तेवढ्यात मांजर आलं. हे मांजर रोज दुधासाठी यायचं आणि आक्काताई रोज त्याला तिच्या त्या आवाजात हाकलायची. त्या दिवशी तिनं घशातून वारा काढला, "चल, हो भाईर." मांजरानं कान हलवला आणि पातेल्यात तोंड घातलं.

चिमणी उठली. कमरेवर हात ठेवला आणि हुबेहूब आक्काताईच्या जुन्या आवाजात ओरडली, "चल, हो भाईर."

मांजर खिडकीतून गेलं. चिमणीनं स्वतःच्या तोंडावर हात ठेवला. आणि मग दोघी हसल्या. एकीचा आवाज निघत नव्हता आणि दुसरीचा थांबत नव्हता.

घरी आक्काताईनं प्रसेनजीतला हे सगळं कानात सांगितलं. प्रसेनजीत शिरोलीच्या एका फौंड्रीत कामाला होता. भाताचं ऐकून तो हसायलाच लागला.

"आई, आमच्यातली ओरिसाची पोरं ह्येच आनत्यात की डब्यात. उन्हाळाभर. पखाळ का काय म्हंत्यात. आमी चिडवतोय त्यास्नी, भात बुडवून मारलाय म्हणून."

आक्काताईनं त्याच्या पाठीत एक रट्टा घातला. चिडवल्याबद्दल, आणि हे आधी सांगितलं नाही त्याबद्दल. मग कुजबुजली, "गाडी काढ."

"आत्ता? आज रविवार हाय."

"म्हणूनच घरात असतील. काढ."

शिरोलीला फौंड्रीच्या मागं कामगारांच्या खोल्या होत्या. साचे भरणाऱ्या एका कामगाराची बायको कुंतला दारात मासळी साफ करत होती. ओरिसातल्या गंजाम जिल्ह्यातली. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन इकडं आली आणि मराठी शिकली ती सगळी शेजारणींच्या भांडणांतून. प्रसेनजीतनं कुजबुजीचा मराठीत मोठा अनुवाद करून तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे आमच्या मुलखातली पोरगी हितं हाय, आन् तुमी मला आता सांगालाय?" कुंतला गरजली.

आक्काताईनं दोन्ही हात जोडले आणि ओठांवर बोट ठेवलं. "बाई, तिच्यासंगट एवढ्यानं बोलू नको. हळू बोल."

"मावशी, हितं आल्यापास्नं माझा आवाज असाच झालाय. हळू बोललं की भाजीवाली वजनात मारती."

"येवढ्यापुरतं बोल."

सोमवारी कुंतला डबा घेऊन आली. आक्काताईनं मॅडमना सांगून ठेवलं होतं, हंबीररावाला गेटावरच बांधून ठेवा म्हणून. स्वयंपाकघरात तिघी फरशीवर बसल्या. कुंतलानं डबा उघडला. पाण्यातला भात, वर सुकट. चिमणीनं डब्याकडं बघितलं, मग कुंतलाकडं. कुंतलानं आवाज कसाबसा गळ्यात दाबून त्यांच्या भाषेत काहीतरी विचारलं.

पोरगी बोलायला लागली ती थांबेचना. पंधरा दिवसांचं साठलेलं. मध्ये रडली, मध्ये हसली, मध्ये भात खाल्ला. आक्काताईला एक अक्षर कळत नव्हतं, पण भाकरी करपली तरी ती उठली नाही. मॅडम दारात उभ्या राहून कुंतला सांगेल ते लिहून घेत होत्या.

पोरीचं नाव झिली. गाव गंजामात, खाडीच्या कडेला, बांधाबांधावर केवड्याची बेटं असलेलं. बाप मासेमारी करतो. तो पांढऱ्या शर्टवाला तिचा कुणी नव्हे. कोळंबीच्या कारखान्यात काम देतो म्हणून गावातून घेऊन आला आणि लॉजवर सोडून गेला. आणि त्या गुरुवारी समितीपुढं तो हसत हसत काय बोलला, तर बोललीस तर तुझ्या धाकट्या बहिणीला आणीन.

"आन् हितं आल्यावर का बोलली न्हाईस, इचार की," आक्काताई कुजबुजली.

कुंतलानं विचारलं.

"ती म्हंती, हितं समदी तिच्यावर रोज ओरडालीत. आन् गेटवरचा बाबा सांजच्याला एकेकीचं नाव घेऊन बोली लावतोय. आपलं नाव कधी येतंय म्हणून ती पलंगाखाली बसत हुती."

आक्काताईनं पदर तोंडाला लावला. हसावं का रडावं, तिला ठरवता येईना. हे हंबीररावाला सांगायला नको, असं तिघींचं ठरलं. पण मॅडमच्या वहीत ते लिहिलं गेलं होतं आणि हंबीररावाच्या हाती ती वही पडली. जोड्या पुकारणारा तो माणूस त्या संध्याकाळी पटांगणात आलाच नाही. पोरी वाट बघून आपापल्या गेल्या.

गुरुवार उजाडला. समितीच्या खोलीत तो माणूस आधीच येऊन बसला होता. शर्ट पांढराच. आक्काताईचा घसा निम्मा परतला होता, म्हणजे इतर माणसांएवढा.

"विचारा जी," तो गोड आवाजात म्हणाला. "मी सांगतो तिला."

"तुमाला तरास नको," कुंतला म्हणाली आणि पुढं येऊन बसली. मग तिनं त्याला त्यांच्या भाषेत एक साधा प्रश्न विचारला. त्याचा चेहरा उतरला. समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं, काय म्हणालात?

"म्हटलं, पुतणीच्या आईचं नाव सांगा. भावजय हाय न्हवं तुमची?"

त्याला सांगता येईना. म्हणाला, विसरलो. म्हणाला, आमच्यात भावजयीचं नाव घेत नाहीत. कुंतला म्हणाली, मग भावाचं घ्या. तेव्हा तो झिलीकडं वाकला आणि हसत, अगदी हळू, पुन्हा काहीतरी बोलला.

कुंतलाला आता आवाज दाबायचं काही कारण नव्हतं. "ह्यो म्हणालाय, तुझ्या बहिणीला आनतो बघ," ती अशी ओरडली की शेजारच्या कचेरीतले दोन कारकून दारात आले.

सगळे झिलीकडं बघत होते. झिलीनं कुंतलाकडं बघितलं, मग दाराशी उभ्या आक्काताईकडं. उठली. कमरेवर हात ठेवला.

"चल," ती त्या माणसाला म्हणाली. "हो भाईर."

याचा अनुवाद करायची गरज पडली नाही. तो खरोखरच फाईल घेऊन उठला, दारापर्यंत गेलाही. दारात हंबीरराव उभा होता, पोलीस येईपर्यंत तो एक शब्द न बोलता तसाच आडवा उभा राहिला. नंतर झिलीनं कुंतलामार्फत सगळं सांगितलं आणि समितीनं ते लिहून घेतलं. अर्ज तिथंच फेटाळला गेला.

झिलीच्या बापाचा पत्ता लागायला जून उजाडला. तोवर आक्काताईचा घसा पूर्ण परतला होता, आणि झिलीला तो सोसायलाही लागला होता. बाप न्यायला आला, किरकोळ अंगाचा, अबोल माणूस. आक्काताईनं त्याला गेटातनंच "या पावणं, बसा की" म्हटलं आणि तो दोन पावलं मागं सरला. झिलीनं हसून त्याला काहीतरी सांगितलं. कुंतला नव्हती, पण ते आक्काताईला कळलं. भिऊ नका, यांचा आवाजच असा आहे, एवढंच असणार.

तेव्हापासून त्या वसतिगृहात एक नियम झाला. तो कुठल्या सरकारी कागदात नाही. नवी पोरगी आली की पहिले तीन दिवस सगळ्यांनी घसा बसलाय असं समजायचं. आक्काताई बरणी वाजवायची, फरशी थापटायची आणि उरलेल्या भाताचं पोरगी काय करते ते बघेपर्यंत त्याला फोडणी द्यायची नाही. असं बघून बघूनच तिनं पुढं आणखी तीन पोरींचा मुलूख ओळखला. एकदा चुकलीही, पण त्या पोरीला तिची चूक आवडली. मुलूख कळला की मॅडम फोनला बसायच्या आणि त्या भाषेची बाई शोधून काढायच्या.

२००८ साली नवीन अधीक्षिका आल्या. पहिल्याच संध्याकाळी त्यांना दिसलं, की गेटवरचा एक धिप्पाड म्हातारा चपला हातात घेऊन पोरींच्या खोलीत पलंगापलंगाशी जातोय, वाकून एकेकीचं नाव कानाजवळ पुटपुटतोय आणि बोटावर मोजतोय. स्वयंपाकघरात तर माणसं असून चिडीचूप. बाई घाबरल्या. त्यांनी आक्काताईला बाजूला घेऊन विचारलं, "कुणी आजारी आहे का?"

"न्हाय मॅडम," आक्काताई कुजबुजली. "काल नवी पोरगी आलीया. परवा बोलतो आमी."